स्ट्रॉमस्टाडचा सीमातह व त्याचें पुरवणीपत्र (इ. स. १७५१)

१. विषयप्रवेश

गांवशिवेच्या तंट्यांतील महजर, साक्षीदारांच्या जबान्या, शिवेच्या दगडांच्या यादी, हे कागद महाराष्ट्रांतील जुन्या दप्तरांत विपुल सांपडतात. आणि त्यांचें वाचन करणारास दोन गोष्टी लौकरच कळून येतात. पहिली ही कीं, शीव केवळ रेघ ओढून ठरत नाहीं. कोणाचीं गुरें कोठवर चरत आलीं, कोणीं कोणास पट्टी दिली आणि वृद्ध माणसांस काय आठवतें, यांवर ती ठरते. दुसरी ही कीं, अशा प्रकरणांत निवाड्याच्या कागदाइतकेंच मोल त्याच्या पोटीं असलेल्या जबान्यांस असतें. युरोपच्या अगदीं उत्तरेकडील नॉर्वे व स्वीडन या दोन शेजारी देशांच्या संबंधांत हीं दोन तत्त्वें किती दूरवर परिणाम करतीं झालीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या दोन देशांमध्यें इ. स. १८१४ नंतर युद्ध झालेलें नाहीं. त्यांच्या सलोख्याचा विचार करतांना सामान्यतः १९०५ सालच्या शांततामय विभक्तीपासून आरंभ करितात. परंतु त्या सलोख्याचा पाया शोधूं गेल्यास १७५१ सालच्या एका तहापर्यंत व त्याहून विशेषतः त्या तहाच्या पुरवणीपत्रापर्यंत मागें जावें लागतें. तहानें शीव ठरविली. पुरवणीपत्रानें त्या शिवेच्या आरपार फिरणाऱ्या लोकांचें काय करावयाचें, तें ठरविलें. हें पुरवणीपत्र म्हणजे राजांनीं दिलेली सनद, कीं पूर्वींपासून चालत आलेल्या वहिवाटीचा नुसता दाखला, हा प्रश्न दोनशें वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिला. त्याच्या उत्तरावर हजारों जनावरांची चराई व अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून होती.

२. तहापूर्वींची स्थिति

इ. स. १३८० पासून १८१४ पर्यंत नॉर्वेचें राज्य डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखालीं होतें. त्यामुळें या काळांतील नॉर्वे व स्वीडन यांचा कोणताहि करार म्हणजे वस्तुतः कोपनहेगन व स्टॉकहोम येथील दोन दरबारांचा करार होय. हे दोन दरबार परस्परांचे जुने वैरी. १६४५ च्या ब्रेम्सेब्रूच्या तहानें येम्टलंड व हेर्येदालेन हे नॉर्वेचे प्रांत स्वीडनकडे गेले. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहानें बोहुस्लेन व त्रोन्द्हाइम हेहि गेले. पैकीं त्रोन्द्हाइम १६६० सालीं परत मिळाला, बोहुस्लेन मात्र कायमचा गेला. ज्या स्ट्रॉमस्टाड गांवीं १७५१ सालीं तह झाला तें याच बोहुस्लेन प्रांतांत आहे. म्हणजे तहाच्या वेळीं तें स्वीडनचें असलें, तरी त्याच्या सुमारें नव्वद वर्षें आधीं नॉर्वेचें होतें. पुढें १७१८ सालीं स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स नॉर्वेवर स्वारी करून आला असतां फ्रेडरिक्स्टेनच्या किल्ल्यापुढें गोळी लागून मरण पावला आणि १७२० च्या तहानें तें दीर्घ युद्ध संपलें.

दक्षिणेकडे शीव कोठें आहे हें गांवोगांवच्या शेतकऱ्यांस ठाऊक होतें. उत्तरेकडे तशी शीवच नव्हती. तेथील उंच माळ, सरोवरें व बर्फाच्छादित डोंगर यांमधून सामी लोक आपले रेनडिअरांचे कळप घेऊन फिरत. जुन्या कागदांत या लोकांस 'लॅप' म्हटलें आहे. तें नांव त्यांस कमीपणा आणणारें वाटतें व ते स्वतःस सामी म्हणवितात, म्हणून कागदांतील शब्द सांगण्याचा प्रसंग सोडून येथें सामी हेंच नांव योजिलें आहे. त्यांतील कित्येक कुटुंबें हिवाळ्यांत पूर्वेकडील अरण्यांत, म्हणजे स्वीडनच्या बाजूस, राहत. उन्हाळा लागतांच डोंगर ओलांडून नॉर्वेच्या समुद्रकिनाऱ्याकडे उतरत. रेनडिअरला हिवाळ्यांत बर्फाखालील दगडफूल लागतें व उन्हाळ्यांत हिरवें गवत आणि माशांपासून मोकळी अशी थंड हवा लागते. दोन्ही गोष्टी एका बाजूस मिळत नाहींत. म्हणून हा प्रवास हौसेचा नव्हे, जनावरांच्या जगण्याचा होता.

या लोकांकडून कर कोणीं घ्यावा? उत्तर असें कीं, ज्यास शक्य त्यानें. कांहीं टापूंत डेन्मार्क-नॉर्वे व स्वीडन हीं दोन्ही राज्यें, आणि अतिपूर्वेस रशियाहि, त्याच कुटुंबांकडून कर घेत. कर घेणें हा राज्यहक्काचा पुरावा मानला जाई. म्हणून कराची रक्कम अल्प असली, तरी तो वसूल केल्याचा कागद राजाला मोलाचा वाटे. स्वीडनचा नववा चार्ल्स याने १६०७ पासून आपल्या बिरुदांत उत्तर किनाऱ्यावरील लॅपांचा राजा असें पद घातलें, तेंहि १६११ ते १६१३ च्या युद्धाचें एक कारण झालें. १६१३ च्या क्नेरेडच्या तहानें स्वीडननें किनाऱ्यावरील हक्क सोडला. परंतु आंतील डोंगराळ प्रदेशाचा प्रश्न तसाच राहिला. काउटोकेइनो, कारास्योक व उत्स्योकी या भागांत तर कर दोघांचा आणि न्याय व चर्च स्वीडनचें, अशी स्थिति होती.

३. मेजर श्निटलर याच्या जबान्या

सीमेची चौकशी १७३८ च्या सुमारास सुरू झाली. उत्तर भागाच्या चौकशीसाठीं डेन्मार्क-नॉर्वेच्या सरकारनें मेजर पेटर श्निटलर या अधिकाऱ्याची नेमणूक केली. १७४२ ते १७४५ या काळांत तो रोरोसच्या आसपासच्या प्रदेशापासून थेट उत्तर महासागरावरील वारांगेरपर्यंत फिरला. ठिकठिकाणीं बैठक भरवून त्यानें शपथेवर साक्षी घेतल्या. साक्षीदारांत नॉर्वेजियन शेतकरी होते, तसेच डोंगरांत राहणारे सामीहि होते. साक्षीदाराचें नांव, वय, राहण्याचें ठिकाण. त्याच्या माहितींतील डोंगर, नद्या व सरोवरें. एका ठिकाणापासून दुसऱ्याचें अंतर. पाणी कोणत्या बाजूस वाहतें. कोणते लोक कोठें कोणत्या ऋतूंत राहतात. कर कोणास देतात. अशा क्रमानें तो प्रश्न विचारी व उत्तरें लिहून घेई. लिहिणें न येणाऱ्या लोकांच्या तोंडची भूमीची माहिती इतक्या विस्तारानें सरकारी दप्तरांत उतरल्याचीं उदाहरणें त्या शतकांत थोडीं आहेत. सामी भाषेंतील स्थळनामांच्या अभ्यासकांस तर हा मोठाच ठेवा होय.

या साधनाचा उपयोग करतांना एक सावधगिरी अवश्य आहे. श्निटलर हा एका पक्षाचा नोकर होता. दोन राज्यांमधील डोंगराची मुख्य ओळ, जिला तिकडे जहाजाच्या तळकण्याच्या नांवावरून 'ख्योलेन' म्हणतात, ती कोठून जाते, हें आपल्या राजाच्या लाभाचें होईल अशा रीतीनें सिद्ध करणें हें त्याचें काम होतें. त्यामुळें प्रश्नांचा रोख एकतर्फी आहे. परंतु महजरांतील साक्षी वाचतांना आपण जसा साक्षीदाराच्या पक्षाचा भाग वजा टाकून बाकीची माहिती घेतों, तसेंच येथेंहि करावें. वादाशीं संबंध नसलेल्या तपशिलांत, म्हणजे वस्त्या, वाटा, शिकार, मासेमारी व कुटुंबांची ये-जा यांविषयींच्या मजकुरांत, साक्षीदारास खोटें सांगण्याचें कारण नव्हतें. संशोधकाच्या दृष्टीनें तेंच अधिक महत्त्वाचें आहे.

४. तह व त्याच्या दोन तारखा

चौकशी पुरी झाल्यावर १७५१ सालीं स्ट्रॉमस्टाड येथें तह झाला. स्वीडनच्या वतीनें योहान मॉरिट्झ क्लिंकोव्स्ट्रोम व डेन्मार्क-नॉर्वेच्या वतीनें थिओडोर जॉर्ज श्लानबुश यांनीं सह्या केल्या. त्या वेळीं कोपनहेगन येथें पांचवा फ्रेडरिक व स्टॉकहोम येथें नुकताच राज्यावर आलेला अडॉल्फ फ्रेडरिक हे राजे होते. आपल्याकडे हें वर्ष शके १६७३, म्हणजे बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दींतील होय.

या तहाची तारीख पुस्तकांत कोठें २१ सप्टेंबर, तर कोठें २ ऑक्टोबर अशी आढळते. शके, फसली व हिजरी सनांचा मेळ घालणाऱ्या आमच्या वाचकांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. डेन्मार्क-नॉर्वेनें १७०० सालींच नवी, म्हणजे ग्रेगरीची, कालगणना स्वीकारली होती. स्वीडननें ती १७५३ सालीं स्वीकारली. तहाच्या वेळीं दोहोंत अकरा दिवसांचें अंतर होतें. तेव्हां एकाच दिवशीं एकाच मेजावर बसून सह्या करणाऱ्या दोघां वकिलांच्या देशांत तारखा निराळ्या होत्या. दोन्ही तारखा बरोबर आहेत. मात्र त्या काळचा स्वीडिश किंवा डॅनिश कागद पाहतांना कोणती गणना वापरली आहे, हें आधीं ठरवावें.

तहानें दक्षिणेस इडेफ्योर्डपासून उत्तरेस वारांगेरच्या बाजूपर्यंत शीव नक्की केली. मुख्य तत्त्व पाणलोटाचें होतें. पूर्वेकडे वाहणारें पाणी स्वीडनचें व पश्चिमेकडे वाहणारें नॉर्वेचें. वादग्रस्त टापूपैकीं काउटोकेइनो व कारास्योक नॉर्वेकडे गेलीं. उत्स्योकी स्वीडनकडे राहिलें. पुढील सुमारें पंधरा वर्षांत शिवेवर दगडांच्या राशी रचून खुणा केल्या. आजच्या नॉर्वे-स्वीडन सीमेची लांबी सुमारें १,६३० किलोमीटर असून तिचा आधार हाच तह आहे.

५. पुरवणीपत्रांतील कलमें

तहाबरोबर त्याच दिवशीं तीस कलमांचें एक पुरवणीपत्र झालें. त्यास तिकडे 'लॅप कोडिसिल' म्हणतात. दोन्ही राजांस एक अडचण स्पष्ट दिसत होती. शीव आंखून ती बंद केली, तर सामींचे कळप मरतील. आणि ती आंखून उघडी ठेवली, तर कोणता सामी कोणाची प्रजा, हें कळणार नाहीं. या पेंचांतून निघण्याची जी रीत काढली तिच्यांत व्यवहारज्ञान उत्तम दिसून येतें.

पहिल्या भागांत प्रजाजनत्वाचा निकाल आहे. कोणत्याहि सामीनें दोन्ही राज्यांत करपात्र भूमि बाळगूं नये. एक राज्य निवडावें व त्याचीच प्रजा व्हावें. अशा रीतीनें दुहेरी कराचा अंत झाला. शतकभर ज्या कराच्या पावत्या राज्यहक्काचा पुरावा म्हणून जपल्या, त्यांचें तें काम येथें संपलें.

दहावें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. त्याचा आशय असा कीं, सामींस दोन्ही राज्यांची भूमि लागते. म्हणून जुन्या वहिवाटीप्रमाणें त्यांनीं शरद व वसंत ऋतूंत आपले कळप घेऊन शीव ओलांडावी, आणि पलीकडील राज्यांत आपल्या जनावरांच्या व स्वतःच्या निर्वाहासाठीं भूमि व किनारा यांचा तेथील प्रजेप्रमाणेंच उपयोग करावा. दोन राज्यांत युद्ध सुरू झालें तरी यांत खंड पडूं नये, व परक्या राज्यांतून आलेल्या सामीस लुटूं अगर छळूं नये, आपल्याच प्रजेप्रमाणें वागवावें, असेंहि ठरलें. शंभर वर्षांत अनेकदां लढलेल्या दोन राजांनीं पुढील लढाईंतहि एका समाजास अभय देऊन ठेवावें, ही त्या काळांत साधारण गोष्ट नव्हे.

पुढील कलमांत शीव ओलांडतांना जनावरांची गणती देणें, अल्प शुल्क भरणें व आपसांतील तंटे तोडणें यांची व्यवस्था आहे. तंट्यांसाठीं सामींचा स्थानिक अधिकारी व दोन सामी पंच यांचें न्यायमंडळ योजिलें होतें. गोतसभेंत बसून गोतानें निवाडा करावा, त्याच जातीची ही व्यवस्था म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, तिला दोन राजांच्या तहाची मान्यता होती.

६. पुढील दीडशें वर्षें

पुरवणीपत्राची खरी कसोटी राज्यें बदललीं तेव्हां लागली. १८०९ सालीं स्वीडननें फिनलंड गमावलें व तें रशियाच्या झारकडे गेलें. त्यामुळें १७५१ च्या शिवेचा उत्तरेकडील भाग आतां नॉर्वे व फिनलंड यांमधील शीव झाला. १८१४ सालीं कीलच्या तहानें डेन्मार्कनें नॉर्वे सोडलें. नॉर्वेनें १७ मे रोजीं स्वतःची राज्यघटना केली. आणि त्याच वर्षीं ४ नोव्हेंबर रोजीं नॉर्वे व स्वीडन यांचा एका राजाखालीं संयोग झाला. संयोगामुळें त्या दोघांतील शीव सौम्य झाली. झारच्या बाजूची मात्र कठीण झाली. १८२६ सालीं रशियाशीं अतिपूर्वेची शीव ठरली. १८५२ सालीं रशियानें नॉर्वे-फिनलंड शीव कळपांस बंद केली, व १८८९ सालीं स्वीडन-फिनलंड शीवहि बंद केली. काउटोकेइनोच्या कित्येक कुटुंबांनीं फिनलंडांतील हिवाळी चराई टिकविण्यासाठीं स्वीडनमधील कारेसुआंडो येथें जाऊन स्वीडनची प्रजा होणें पत्करलें. १८८९ च्या बंदीनें तीहि वाट बुजली. जेथें पुरवणीपत्राचें पालन करणारा पक्ष उरला नाहीं, तेथें त्यांतील अभयाची काय गति होते, याचा हा दाखला आहे.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर शेती वाढली, तसा शेतकरी व कळपवाले यांचा तंटा वाढला. १८८३ सालीं दोन्ही राज्यांनीं एक सामायिक कायदा करून सामींच्या ये-जा करण्यावर निर्बंध घातले. ७ जून १९०५ रोजीं नॉर्वेच्या विधिमंडळानें संयोग मोडल्याचें जाहीर केलें. ऑगस्टमधील सार्वमतांत ३,६८,२०८ मतें विभक्तीच्या बाजूनें व अवघीं १८४ विरुद्ध पडलीं. सीमेवर सैन्य जमलें होतें. तरी कार्लस्टाड येथें वाटाघाटी होऊन पांच करार ठरले: लवादाचा, सीमेवरील निःसैन्य पट्ट्याचा, रेनडिअरांच्या चराईचा, मालाच्या वाहतुकीचा व सामायिक जलाशयांचा. दोन राष्ट्रें विभक्त होत असतां किल्ले व लवाद यांच्या बरोबरीनें रेनडिअरांच्या गवताचा करार व्हावा, यावरून त्या विषयाचें महत्त्व ध्यानीं येईल.

नंतर १९१९ सालीं नवा चराई-करार झाला. त्यानें नॉर्वेंत येऊं शकणाऱ्या जनावरांची संख्या कमी केली, व परिणामीं कारेसुआंडोच्या अनेक कुटुंबांस स्वीडनमध्यें दूर दक्षिणेकडे हलविण्यांत आलें. दोन सरकारांचें सहकार्य हें नेहमीं मधल्या लोकांच्या हिताचेंच असतें, असें मानणारांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें. १९७२ सालीं आणखी एक करार झाला. त्याची मुदत २००५ सालीं संपली. २००९ सालीं नव्या मसुद्यावर सह्या झाल्या, पण पुढील कित्येक वर्षें त्यास मंजुरी मिळाली नाहीं.

७. सनद कीं महजर?

आतां आरंभीं काढलेल्या प्रश्नाकडे वळूं. पुरवणीपत्र ही सनद असेल, तर देणारानें दिलेली वस्तु देणारा किंवा त्याचा वारस परत घेऊं शकतो. नवा कायदा, नवा करार झाला कीं जुनी सनद रद्द. परंतु तें महजराच्या स्वरूपाचें असेल, म्हणजे आधींच असलेला हक्क त्यांत नुसता नमूद झाला असेल, तर कागद फाटला तरी हक्क राहतो.

हा प्रश्न नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९६८ सालीं आला. ट्रोम्स प्रांतांतील आल्तेवात्न सरोवरास विजेसाठीं बांध घातल्यामुळें स्वीडनमधील सारिवुओमा व ताल्मा या सामी समुदायांची उन्हाळी चराई बुडाली होती. न्यायालयानें त्यांस भरपाईचा हक्क असल्याचें ठरविलें. या हक्काचा आधार तहाची कृपा हा नसून अनादि काळापासूनची वहिवाट हा होय, असें तत्त्व त्यांत मान्य झालें. पुन्हां २०२१ सालीं याच न्यायालयानें सारिवुओमा समुदायाचा नॉर्वेंतील चराईचा हक्क मान्य केला.

आमच्या मतें पुरवणीपत्राच्या शब्दांतच हें उत्तर होतें. दहाव्या कलमांत 'जुन्या वहिवाटीप्रमाणें' हे शब्द आहेत. सनद देणारा राजा स्वतःचें औदार्य सांगतो. जुनी वहिवाट सांगत नाहीं. आणि ती वहिवाट खरोखर होती हें ज्या कागदांवरून दिसतें, त्यांत श्निटलरनें लिहून घेतलेल्या जबान्या अग्रगण्य आहेत. राजाचा हक्क सिद्ध करण्यासाठीं गोळा केलेला पुरावा अशा रीतीनें प्रजेच्या हक्काच्या कामीं आला.

८. कागदांचें प्रकाशन

शेवटीं या साधनांच्या प्रकाशनाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. १९०५ नंतर चराईचा वाद तीव्र असतां, १९०९ सालीं फिरत्या सामींसंबंधींच्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक दोन: नॉर्वेचे युस्ट क्विग्स्टाड व स्वीडनचे कार्ल बर्नहार्ड विक्लुंड. दोघेहि सामी भाषेचे जाणते पंडित. सरकारें भांडत असतां दोन्ही बाजूंच्या विद्वानांनीं एकच संहिता सिद्ध करावी, याहून कागदांच्या प्रामाण्याची मोठी हमी कोणती? याच जोडीनें श्निटलरच्या जबान्यांचा दुसरा खंड १९२९ सालीं संपादिला. पहिला खंड निराळ्या संपादकांच्या हातून १९६२ सालीं, म्हणजे दुसऱ्यानंतर तेहतीस वर्षांनीं, व तिसरा १९८५ सालीं निघाला. लिहून झाल्यापासून दोनशें चाळीस वर्षांनीं तें काम पुरें झालें.

संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा बोध उघड आहे. रुमाल सोडतांना आपण मोहोर व शिक्का असलेला कागद आधीं उचलतों, आणि त्याच्याबरोबरच्या जबान्या, मोजणीच्या यादी व पट्टीच्या पावत्या किरकोळ म्हणून बाजूस ठेवतों. कधीं कधीं त्या मूळ कागदापासून वेगळ्या होऊन दुसऱ्याच संग्रहांत जातात. स्ट्रॉमस्टाडच्या तहाच्या बाबतींत तसें झालें असतें, तर राजांची शीव राहिली असती. परंतु त्या शिवेवरून पिढ्यान् पिढ्या जाणाऱ्या लोकांच्या वहिवाटीचा लेखी पुरावा राहिला नसता. म्हणून जोडकागद मूळ कागदापासून तोडूं नये, त्याची नोंद स्वतंत्र करावी, व कोणताहि निवाडा छापतांना त्याच्या साक्षीहि छापाव्या.